गुरुवारचा निरोप

बेकरीवाला आणि त्याची बायको ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधीच धक्क्यावर येऊन उभे राहिले, तेव्हा दादाची कळी खुलली. "लवकर आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जात नाही," तो बिट्टीच्या कानाशी पुटपुटला. पण त्यांच्या गाडीतून हत्यारांची पेटी घेऊन आणखी एक माणूस उतरला आणि दादाच्या कपाळावर आठी चढली.

"हे कोण?"

"मेकॅनिक," बेकरीवाला म्हणाला. "तुमच्या काकांनीच सांगितलं ना फोनवर. म्हणाले, जुनी बोट आहे, इंजिन उघडून दाखवल्याशिवाय घेऊच नका."

दादाने वळून पाहिलं. काका बोटीच्या पुढच्या टोकाला उभे राहून कठडा पुसत होते. कठडा आधीच लखलखत होता. त्यांनी मान वर केली नाही.

"घरभेदी," दादा दातओठ खात म्हणाला. "मी गिऱ्हाईक शोधून आणायचं आणि यांनी ते बिथरवायचं. बिट्टे, तू तरी आता त्यांची बाजू घेऊ नकोस."

 बाबा गेल्यापासूनच्या दोन वर्षांत बिट्टीच्या दोन्ही बाजू घेऊन झाल्या होत्या. पहिल्या वर्षी ती काकांकडून होती. बोट विकायची नाही, बाबांची शेवटची वस्तू आहे, असं तीच दादाशी भांडली होती. पण दर रविवारी काका बोटीवरचं काम आटोपून आईकडे जेवायला यायचे, त्यांच्या हातांना रंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास असायचा, आणि आई वाढता वाढता उठून आत निघून जायची. ते पाहून पाहून बिट्टीचं मन पालटलं. बोट जाऊ दे, निदान आईच्या नाकातून तो वास तरी जाईल, असं तिला वाटू लागलं. तेव्हापासून काका तिच्याशी बोलायचे, पण जपून बोलायचे.

आई आज पहिल्यांदाच धक्क्यावर आली होती. घडीच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. बोटीवर पाऊल ठेवणार नाही, हे तिने गाडीतच सांगून टाकलं होतं. "कोणाच्या हाती जाते तेवढं बघते. मग तुम्ही जाणे आणि ती जाणे."

ही बोट आईने कधी आपली म्हटलीच नाही. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. चाळीस वर्षं त्यांनी इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या खोबणीत लोंबकळत काढली आणि निवृत्त झाल्यावर वर्षाच्या आत ही बोट आणली. दोन माणसांना झोपता येईल अशी केबिन, इवलासा ओटा, आणि वय वर्षं अठ्ठावीस. दादा म्हणाला होता, "बाबा, माणसं म्हातारपणी काठी घेतात, तुम्ही म्हातारी घेऊन आलात." सगळे हसले होते, आई सोडून. तिला पाण्याची भीती होती आणि नवऱ्याच्या उत्साहाची त्याहून जास्त. एकटे काका भावाच्या बाजूने उभे राहिले. जन्मभर बॉयलरचे पाइप जोडलेला माणूस. "थोरल्याने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलंय," ते वहिनीला म्हणाले, "घेऊ दे. डागडुजीचं मी बघतो."

आणि खरोखरच त्यांनी बघितलं होतं.

मेकॅनिक लाकडी हातोडी घेऊन बोटीच्या अंगावर ठोकत निघाला. ठोकायचा, कान लावायचा, पुढे सरकायचा. कुठे पाणी मुरलं असेल तर आवाज बद्द येतो, हे बिट्टीला बाबांमुळे ठाऊक होतं. आवाज टोकापासून टोकापर्यंत टणक येत होता. तळाचं शेवाळं खरवडून नवा रंग दिलेला. तुंबलेलं पाणी उपसायचा पंप नवा, वायरी नव्या, खिडक्यांची रबरं नवी.

"कोणी राखलीय हो?" मेकॅनिकने विचारलं. "एवढ्या वयाच्या बोटी मी येतो तेव्हा अर्ध्या बुडालेल्या असतात. ही तर लग्नाला निघाल्यासारखी दिसतेय."

"काकांनी," बिट्टी म्हणाली.

बेकरीवाल्याची बायको केबिनमध्ये डोकावून आली. "दोघं मुलं इथे मस्त झोपतील," ती आईला म्हणाली. "सुट्टीत इथेच मुक्काम करायचा म्हणतायत. आत्तापासूनच कोण कुठल्या बाजूला झोपणार, यावर मारामारी चाललीय."

आई पहिल्यांदाच जराशी हसली. "लहान आहेत?"

"सात आणि नऊ."

तेवढ्यात मेकॅनिकने केबिनच्या मागची फळी उचलली. इंजिन त्याच फळीखाली होतं. काकांच्या हातातलं फडकं थांबलं.

मेकॅनिक बराच वेळ बॅटरी घेऊन पालथा पडून होता. मग त्याने केबिनची सगळी दारं-खिडक्या उघडायला लावली, सगळ्यांना धक्क्यावर उतरायला सांगितलं आणि इंजिन सुरू केलं. दोन मिनिटांत बंद केलं. वर आला तेव्हा त्याच्या हाताची दोन बोटं काजळीने काळी झाली होती.

"हे वेल्डिंग कोणी केलंय?"

त्याने बोटं चिंधीला पुसली.

"धूर बाहेर नेणारा पाइप वळतो ना, तिथे भोक पडलं होतं. ते कोणीतरी भरलंय. भरलंय चांगलं, हात सराईत आहे. पण खालचं लोखंडच कुजलेलं. वेल्डिंगच्या कडेने फाटलंय ते. धूर पाण्याकडे जायच्या ऐवजी सरळ फळीखालून केबिनमध्ये येतोय." तो बेकरीवाल्याकडे वळला. "नवा पाइप टाकल्याशिवाय मुलांना यात पाय ठेवू देऊ नका. इंजिन चालू ठेवून कोणी झोपलं, तर सकाळी उठणार नाही. त्या वायूला वास नसतो, काही नसतं. माणसाला जाग येत नाही, उलट चेहरा गुलाबी दिसतो."

नदीच्या मुखाकडून वारा येत होता. शेजारच्या बोटीची दोरी खांबावर घासून करकरत होती. बिट्टीला तेवढंच ऐकू येत होतं.

बाबा गेले त्या सकाळी धक्क्यावरच्या रखवालदाराने केबिनचं दार ढकललं होतं. पांघरूण गळ्यापर्यंत ओढलेलं, चष्मा घडी घालून उशाशी. थंडीचे दिवस, आणि इंजिन चालू ठेवलं की केबिन उबदार राहायची. हृदयाचं ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली होती, त्यामुळे कोणी काही विचारलंच नाही. झोपेत बंद पडलं, भाग्यवान माणूस, असं सगळे म्हणाले. बोटीची टाकी कोरडी ठणठणीत सापडली, तेव्हा पेट्रोल चोरलं म्हणून दादा रखवालदाराच्या अंगावर धावून गेला होता.

"चेहरा कसा गुलाबी होता त्यांचा," आई म्हणाली. ती मेकॅनिककडे नाही, पाण्याकडे बघत होती. "आजारी माणसाचा नव्हताच तो. मी त्या दिवशी सगळ्यांना सांगत होते, बघा, फिरून आल्यासारखे दिसतायत. टाकी रिकामी होती ना रे? म्हणजे रात्रभर चालू होतं."

बेकरीवाल्याच्या बायकोने तोंडावर हात ठेवला. मेकॅनिकला आता कळलं की आपण काय बोलून बसलो. "मला माहीत नव्हतं, ताई," तो म्हणाला.

"त्यांना कळलं असेल?"

"नाही. काहीच नाही. झोप लागते, तेवढंच."

दादा काकांसमोर जाऊन उभा राहिला. डेपोत दिवसभर ड्रायव्हरांवर ओरडणारा माणूस, पण आत्ता त्याचा आवाज अगदी खाली होता. "वेल्डिंग तुमचं."

"माझं."

"तुम्हाला माहीत होतं."

"संशय होता. फळी उघडून बघायची छाती झाली नाही. बाकी सगळी बोट घासली, तेवढं एक झाकण उघडलं नाही." काकांनी फडक्याची घडी केली, पुन्हा उलगडली. "पण या लोकांची मुलं झोपणार म्हटल्यावर गप्प कसं बसायचं?"

"आणि दोन वर्षं दर रविवारी आमच्या घरी येऊन जेवत होतात."

"हो."

"आई स्वतःला बोल लावत होती. आमच्यापुढे अवाक्षर नाही काढलं तिने, पण मला दिसत होतं. तुम्हाला नाही दिसलं?"

काका फडकं पिळत राहिले.

"निदान एवढं तरी सांगा. डागडुजी तात्पुरती आहे, इंजिन चालू ठेवून आत झोपू नका, एवढं तरी बाबांना सांगितलं होतंत?"

काकांची नजर वर आली. ती दादावर थांबली नाही. क्षणभर बिट्टीवर टेकली आणि लगेच बाजूला झाली.

"नाही," काका म्हणाले. "सांगितलं नाही. राहून गेलं."

ते खोटं होतं. ते खोटं आहे हे बिट्टीला आधी कळलं, आणि का, ते मागून आठवलं. मग सगळंच आठवलं, दुकानातल्या दिव्यासकट. गुरुवारची दुपार. चष्म्याच्या दुकानात ती मागच्या टेबलावर एका काचेची कड घासत होती, फोन खांद्याने कानाला दाबून धरला होता. काका सांगत होते, पाइपचं भोक वेल्डिंगने भरलंय पण तो महिनाभराचा सोबती आहे, नवा मागवलाय. तुझा बाप माझा फोन उचलत नाहीये. त्याला सांग, इंजिन चालू ठेवून आत झोपू नकोस, थंडी वाजली तर घरी ये. सांगशील ना? आणि ती म्हणाली होती, अहो काका, सांगते म्हटलं ना.

काका फडकं कठड्यावर टाकून धक्क्याच्या टोकाच्या नळाकडे निघून गेले. दादा त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाला, "या माणसाने यापुढे आपल्या घरची पायरी चढायची नाही."

बिट्टी काकांच्या मागे गेली. ते नळाखाली हात धरून उभे होते. पाणी वाहत होतं, हात चोळत नव्हते.

"काका, गुरुवारचा फोन."

"कसला फोन?"

"काका."

त्यांनी नळ बंद केला आणि शेजारच्या दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसले. बहात्तर वर्षांचे गुडघे कुरकुरले. "आठवला होय," ते म्हणाले. "मला वाटत होतं, नाही आठवायचा. दोन वर्षांत तू एकदाही विषय काढला नाहीस. म्हटलं, बरंय."

"मी सांगितलंच नाही त्यांना. शुक्रवारी मी जेवायला गेले होते घरी. बाबा आणि आई बोलत नव्हते. मी सगळा वेळ यांचं त्यांना, त्यांचं यांना करत बसले. बाबा पिशवी भरत होते. समोर होते, काका. माझ्या समोर."

"हळू बोल."

"तुम्ही का नाही म्हणालात आत्ता? दादा एवढं वाट्टेल ते बोलला."

"काय म्हणू? पोरीवर ढकलू?" काकांनी ओले हात पँटला पुसले. "मी त्याला तीनदा फोन लावला. उचलेना. महिनाभर थांब म्हटलं म्हणून रुसला होता, लहानपणापासून असाच. चौथ्यांदा लावायला हवा होता. गाडीवर टांग मारून यायला हवं होतं, पंधरा मिनिटांचा रस्ता. ते न करता मी तुला निरोप दिला आणि पाय पसरून पेपर वाचत बसलो. माझं ओझं मी तुझ्या डोक्यावर ठेवलं, बिट्टे. ते उतरवून घेणं माझंच काम आहे."

"असं नसतं, काका."

"असंच असतं. नीट ऐक. तुझा भाऊ तापट. वहिनींना धरून राहील अशी तू एकटी आहेस. दीर काय, असला काय नि नसला काय. माझं जेवायला येणं बंद होईल, एवढंच ना? मला येतो स्वयंपाक."

त्यांना स्वयंपाक येत नव्हता. आंघोळीचं पाणीसुद्धा करपवणारा माणूस, असं बाबा त्यांना म्हणायचे. काकू जाऊन अकरा वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आठवड्यातलं एक धड जेवण ते आईच्या हातचं जेवत. बिट्टीने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या मनात आलं ते वाईट होतं, पण आलं खरं: गप्प राहिलं तर चालेल. ते स्वतःच म्हणतायत. आईची बिट्टी आईला राहील, दादाची बहीण दादाला राहील. कोणाला कधी कळणारही नाही.

ती वळून चालू लागली. "बिट्टे," मागून काकांनी हाक मारली, मग आणखी एकदा. ती थांबली नाही, कारण थांबली असती तर तिथेच राहिली असती.

आईच्या हातात कोणीतरी पाण्याची बाटली दिली होती. बेकरीवाला आणि मेकॅनिक गाडीपाशी अवघडून उभे होते, निघावं तर कसं आणि थांबावं तर का, अशा अवस्थेत. दादा आईच्या खुर्चीमागे उभा होता.

"काका खोटं बोलले," बिट्टी म्हणाली. "त्यांनी सांगितलं होतं. बाबा फोन उचलत नव्हते म्हणून मला सांगितलं होतं. बाबांना सांग म्हणून. मी विसरले."

दादा म्हणाला, "काय?"

आईने बाटलीचं झाकण लावलं. आटे जुळेनात, पुन्हा लावलं. "कधी?"

"गुरुवारी दुपारी."

"शुक्रवारी तू जेवायला आली होतीस."

"हो."

"ते समोर बसले होते."

"हो."

"मी त्यांच्याशी बोलत नव्हते म्हणून तू दोनदा माझ्याजवळ स्वयंपाकघरात आलीस. म्हणालीस, आई, जाऊ दे ना, एक रात्र तर आहे."

"हो, आई."

आई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग असता तर बिट्टीला सोपं गेलं असतं. आई तिच्याकडे असं बघत होती, जसं दुकानात नवा चष्मा घातलेलं माणूस आरशात बघतं: ओळखीचा चेहरा, पण सगळ्या रेषा नव्याने दिसलेल्या.

"मी त्यांना म्हटलं होतं, एवढं तिथेच राहायचंय तर कायमचे तिथेच राहा," आई म्हणाली. "जिना उतरत होते. वरून म्हटलं. दोन वर्षं मी समजत होते, माझं बोलणं बाधलं त्यांना. रोज. अंथरुणावर पडलं की तेच." तिने पदर सारखा केला. "आणि होता पाइप."

"आई, तुझा काही दोष—"

"तू नको सांगूस," आई म्हणाली. मोठ्याने नाही. पण बिट्टी एक पाऊल मागे सरकली.

दादा मधल्या मध्ये उभा होता. मघाशी काकांवर उगारलेला राग आता कोणावर टाकावा, ते त्याला कळेना.  "रखवालदाराला मी चोर म्हटलं होतं," तो एकदम म्हणाला. "कॉलर धरली होती त्याची." मग तो गाडीकडे गेला, आत बसला आणि काच वर केली.

आई उठली. बोटीवर चढणार नाही म्हणालेली आई, कठड्याला धरून चढली. काका तोवर परत आले होते. त्यांनी हात पुढे केला, मग मागे घेतला. आईने तो मागे गेलेला हात स्वतःहून धरला आणि पलीकडे पाय टाकला. फळीशी उभी राहून तिने खाली, त्या काळ्या पाइपकडे पाहिलं. हातभरसुद्धा नव्हता.

"भाऊजी, हा काढा. तुमच्याच हाताने काढा. नवा या मेकॅनिकला बसवू दे." ती बेकरीवाल्याकडे वळली. "मग न्या तुम्ही बोट. तुमची मुलं झोपायच्या आधी एकदा या मेकॅनिककडून तपासून घ्या. दर वर्षी घ्या."

बेकरीवाला नुसता मान हलवत राहिला. त्याची बायको रडत होती.

"आणि रविवारी जेवायला या," आई काकांना म्हणाली.

"वहिनी, त्याने मघाशी—"

"घर माझं आहे."

पाइप निघायला तासभर लागला. काकांनी गंजलेले बोल्ट एकेक करून सोडवले. शेवटचा तुटला.  बिट्टी पाने हातात देत होती, ते घेत होते. पाइप निघाला तेव्हा त्यांनी तो फडक्यात गुंडाळला, आणि त्यांचे खांदे हलू लागले. बिट्टीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. काकांनी तो झटकला नाही आणि धरलाही नाही.

परतताना दादा गाडी चालवत होता, आई पुढे, बिट्टी मागे. चार सिग्नल लागले. चारही वेळा दादाने आरशात तिच्याकडे पाहिलं आणि चारही वेळा नजर रस्त्याकडे वळवली. घरापाशी तो उतरलाच नाही. "येतो, आई," एवढंच म्हणाला आणि गेला.

बिट्टी आईबरोबर तीन मजले चढली. आईने कुलूप काढलं, दार उघडलं, आत पाऊल टाकलं आणि उंबऱ्यातच थांबली. पाठमोरी. बिट्टी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहिली. आत ये, असं आई म्हणाली नाही. बाजूच्या घरात कोणीतरी मिक्सर लावला, तो थांबेपर्यंत दोघी तशाच उभ्या होत्या.

"मी जाते," बिट्टी म्हणाली.

आईने दार लोटायला घेतलं, आणि अर्धवट लोटून थांबवलं. फटीतून तिचा नुसता हात दिसत होता, कडीवर ठेवलेला.

"उद्या ये," ती म्हणाली. "परवाही ये. मी बोलेनच असं नाही. पण ये."